विष्णु दिगंबर पलुसकर

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड – २१ ऑगस्ट १९३१, मिरज) हे ग्वाल्हेर घराण्याचे गायक, संगीतशिक्षक आणि गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक होते. राजदरबार आणि धनिकांचे वाडे यांपुरत्या मर्यादित असलेल्या शास्त्रीय गायनाच्या जाहीर, तिकीट लावलेल्या मैफली भरवणाऱ्या आरंभीच्या कलावंतांमध्ये त्यांची गणना होते. संस्थानिकाच्या आश्रयावाचून, श्रोत्यांच्या पैशावर आणि लोकांच्या देणग्यांवर संगीत जगू शकते, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने दाखवून दिले. या प्रयत्नात त्यांच्यावर मोठे कर्ज झाले आणि मुंबईतील विद्यालयाची इमारत हातची गेली.

बालपण

पलुसकरांचे घराणे मूळचे गाडगीळ. आजच्या सांगली जिल्ह्यातील पलूस या गावावरून ते पलुसकर झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कुरुंदवाड संस्थानात कीर्तनकार होते. कीर्तनातील पदे आणि अभंग कानावर पडत असल्याने स्वरांचे संस्कार विष्णूवर घरातच झाले. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याची दारू चेहऱ्यावर उडून त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी कायमची अधू झाली. पुढचे शालेय शिक्षण अशक्य झाल्याने मुलाला गाणे शिकवावे, असा निर्णय घरच्यांनी घेतला.

संगीतशिक्षण

मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णु दिगंबरांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकण्याची संधी मिळाली. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवण्याचे श्रेय बाळकृष्णबुवांना दिले जाते. गुरुगृही राहून, गुरूची सेवा करत शिकण्याची जुनी रीत विष्णु दिगंबरांनी अनेक वर्षे अनुभवली. तिच्यातून मिळणारी पक्की तालीम त्यांना लाभली. शिकवणे सर्वस्वी गुरूच्या मर्जीवर अवलंबून असल्याने विद्यार्थ्याची होणारी अडचणही त्यांनी जवळून पाहिली.

संस्थानातील एका समारंभाचे निमंत्रण आपल्याला आले, पण आपल्या गुरूंना आले नाही, हे त्यांच्या मनाला लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. गायकाला दरबारात बिदागी मिळत असली, तरी प्रतिष्ठितांच्या पंक्तीत स्थान नव्हते. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

जाहीर मैफली

मिरजेहून निघाल्यावर औंध, सातारा, बडोदे असा प्रवास करत ते काठेवाडात, म्हणजे आजच्या सौराष्ट्रात पोहोचले. तेथील मुक्कामात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. शास्त्रीय कंठसंगीताच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची मानली जाते. संगीत नाटकांमुळे तिकीट काढून गाणे ऐकण्याची सवय महाराष्ट्रातील प्रेक्षकांना झालेली होती. परंतु केवळ ख्यालगायन ऐकण्यासाठी सामान्य माणसाने पैसे मोजावेत, ही कल्पना नवी होती.

दरबारी मैफलीत यजमानाची इच्छा प्रमाण असे. गाणे केव्हा सुरू होईल, किती वेळ चालेल आणि गायकाला किती बिदागी मिळेल, हे तोच ठरवी. जाहीर मैफलीत या साऱ्याची जबाबदारी गायकावर आली. सभागृह मिळवणे, जाहिरात करणे, तिकिटे विकणे आणि जमलेल्या पैशांतून साथीदारांचा व प्रवासाचा खर्च भागवणे ही कामे त्याला करावी लागत. विष्णु दिगंबर वेळेच्या बाबतीत काटेकोर होते. जाहीर केलेल्या वेळी कार्यक्रम सुरू होई आणि श्रोत्यांनी शांतपणे ऐकावे, असा त्यांचा आग्रह असे. नवख्या श्रोत्यांना दीर्घ आलापी पेलणार नाही, हे ओळखून ते ख्यालाबरोबर भजनेही गात. पुढे शिष्यांचे समूहगायन आणि वाद्यवृंद यांचाही त्यांच्या जलशांत समावेश झाला.

यानंतर त्यांनी ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली आणि पंजाब असा प्रवास केला. मथुरेत त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला आणि धृपदांचा परिचय करून घेतला. जालंधरच्या हरिवल्लभ संगीत मेळ्यातही ते गायले.

गांधर्व महाविद्यालय

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संस्थानिकाच्या खजिन्यावर अवलंबून न राहता लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारे हे विद्यालय होते. आरंभीचे काही दिवस विद्यार्थी फिरकले नाहीत, तरीही ते ठरलेल्या वेळी तंबोरा घेऊन वर्गात बसत, असे सांगतात. हळूहळू सुशिक्षित कुटुंबांतील मुले येऊ लागली. स्त्रियांसाठीही वर्ग सुरू झाले.

वर्गात एकाच वेळी अनेकांना शिकवायचे, तर लिखित साधन हवे होते. त्यासाठी त्यांनी स्वतंत्र स्वरलेखनपद्धती तयार केली, क्रमिक पुस्तके लिहिली, छापखाना काढला आणि ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक चालवले. शिष्यांतून शिक्षक घडवण्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग सुरू केला. या वर्गातील विद्यार्थ्यांच्या निवासाचा व भोजनाचा भार विद्यालय उचले आणि विद्यार्थी ठरावीक वर्षे शिकण्यास बांधलेले असत.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय सुरू केले. पुढे सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली. मुंबईत त्यांनी संगीत परिषदाही भरवल्या.

कर्ज आणि अखेरची वर्षे

इमारतीसाठी काढलेले कर्ज त्यांच्या मैफलींच्या उत्पन्नातून फिटायचे होते. शिक्षक, छापखाना आणि निवासी विद्यार्थी यांचा खर्चही त्याच उत्पन्नावर चाले. संस्था लोकांची म्हणवली जात असली, तरी तिचा आर्थिक कणा एकट्या गायकाचा गळा हाच होता. उत्तरायुष्यात ते रामभक्तीकडे वळले. मैफलींपेक्षा तुलसी रामायणावरील प्रवचनांत आणि नामसंकीर्तनात त्यांचा अधिक वेळ जाऊ लागला, तसे उत्पन्न घटले. १९२४ च्या सुमारास कर्जापायी मुंबईची इमारत गमवावी लागली. त्यानंतर नाशिक येथील रामनाम आधार आश्रम हे त्यांच्या कार्याचे केंद्र राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले.

राष्ट्रीय चळवळ

काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात असत. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी धार्मिक कारणावरून गायनाला हरकत घेतली, परंतु विष्णु दिगंबरांनी गीत पूर्ण केले. ‘रघुपती राघव राजाराम’ या धुनेची प्रचलित चाल त्यांची असल्याचे मानले जाते. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे हे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात संगीताचे काम पाहत आणि दांडीयात्रेतही सहभागी होते.

शिष्यपरंपरा

ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास आणि बी. आर. देवधर हे त्यांचे प्रमुख शिष्य. त्यांच्या निधनानंतर डिसेंबर १९३१ मध्ये अहमदाबाद येथे शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. १९३२ मध्ये विनायकरावांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. विष्णु दिगंबरांचे पुत्र दत्तात्रेय (द. वि. पलुसकर) हे वडिलांच्या निधनसमयी दहा वर्षांचे होते. पुढे तेही नामवंत गायक झाले. १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

समकालीन संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांचे वर्गीकरण आणि बंदिशींचे संकलन यांवर भर दिला, तर पलुसकरांचा भर प्रत्यक्ष प्रसारावर होता. शृंगारिक बंदिशींच्या जागी भक्तिपर शब्द योजून त्यांनी मध्यमवर्गीय घरांत गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. याच धोरणामुळे शिक्षणाला हिंदू धार्मिक वळण लागले आणि मुसलमान उस्तादांचे योगदान झाकोळले गेले, अशी टीकाही झाली आहे. जानकी बखले यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या बाजूची चर्चा केली आहे. वर्गातील सामूहिक शिक्षणातून मैफलीचे गायक फारसे घडत नाहीत, असाही आक्षेप घेतला जातो. मात्र जाणकार श्रोत्यांचा मोठा वर्ग या शिक्षणातून तयार झाला आणि पुढच्या पिढ्यांच्या जाहीर मैफलींना त्याचाच आधार मिळाला.

स्मृती

भारतीय टपाल खात्याने १९७३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांना मिरज-सांगलीपासून सोलापूर-नागपूरपर्यंत आणि महाराष्ट्राबाहेरही विद्यार्थी बसतात.