कापरेकर आणि ६१७४

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यामुळे आकडेमोडीची गोडी दत्तात्रयास घरातच लागली. वयाच्या आठव्या वर्षी आईचे छत्र हरपले. ठाण्यास शालेय शिक्षण आटोपून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली त्यांना गणितातील रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळील देवळालीच्या शाळेत अध्यापन केले.

पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शाळामास्तरांचे संशोधन अनेक गणितज्ञांना निव्वळ आकड्यांचा खेळ वाटे. कित्येक पुस्तिका त्यांना पदरमोड करून छापाव्या लागल्या. तरीही संख्यांचा नाद सुटला नाही.

१९४६ साली त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या तयार करून वजाबाकी करावी आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ उरतात. पुढे ८३५२ आणि मग ६१७४ येतात. ६१७४ वर हीच क्रिया केली तरी पुन्हा ६१७४च मिळतात. फार तर सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या येथेच येऊन थांबते. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला.

१९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेसे नसल्याने त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्या कार्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. कापरेकर त्या वेळी सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

कागदावर केलेली ही रीत आज संगणकाची भाषा शिकणाऱ्यांना सरावासाठी दिली जाते. सी असो, जावा असो वा पायथॉन, लिहिण्याची पद्धत बदलते. विचार तोच राहतो. चालू संख्या साठवण्यासाठी एक नाव दिलेली जागा लागते. तिला चल म्हणतात. तीच कृती पुनःपुन्हा करविणारे आवर्तन लागते आणि ६१७४ आले की थांबावे, ही अट लागते. अट विसरल्यास संगणक तीच वजाबाकी अखंड करीत राहतो.

नवशिका बहुधा शून्यापाशी अडतो. २१११ मधून १११२ वजा केले की ९९९ उरतात. संगणक ही संख्या तीनच अंकी समजतो. पुढची वजाबाकी शून्य येते आणि ६१७४ कधीच येत नाही. म्हणून उत्तर अक्षरांच्या ओळीप्रमाणे ०९९९ असे चार अंकी ठेवावे लागते. मग ९९९० मधून ०९९९ वजा होऊन ८९९१, त्यानंतर ८०८२, ८५३२ आणि पाचव्या वजाबाकीस ६१७४ मिळतात.