दामलेमामांचं प्रमाणपत्र

आपल्या बॅचच्या ग्रुपवर दर मे महिन्यात कान महोत्सवाचे फोटो येतात. कोणाचा गाऊन, कोणाचे दागिने! स्मरणिकेसाठी लिही म्हणून निरोप आला, तेव्हा ठरवलं की आपला सिनेमा अशा महोत्सवात गाजवणाऱ्या मराठी माणसावर लिहायचं.

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १८९२चा, पेणचा. ते घडले कोल्हापूरला, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली. चित्रकारांच्या त्या गोतावळ्यात दामले यंत्रांत रमले. १९१८मध्ये बाबूरावांनी स्वतःचा कॅमेरा जुळवला, त्यात दामल्यांचा हात होता. मी इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे; सगळे भाग तयार मिळूनही प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालत नाही. इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या माणसांनी उभा केलेला तो कॅमेरा मला कुठल्याही पारितोषिकाहून मोठा वाटतो.

१९२९मध्ये शांताराम, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभात काढली. १९३३मध्ये कंपनी पुण्याला आली. बोलपट सुरू झाल्यावर ध्वनिमुद्रण दामल्यांनी सांभाळलं. प्रभातमध्ये ते दामलेमामा, आणि त्यांचे जिवलग शेख फत्तेलाल साहेबमामा. एक यंत्रातला, दुसरा रंगरेषांतला. दिग्दर्शक म्हणून नावं मात्र जोडीनेच लागत.

१९३६चा ‘संत तुकाराम’ या जोडीचा. एकेकाळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, तर गौरीबाईंनी आवली अशी उभी केली की संताच्या बायकोचं रिकामं चूलखंड दिसावं. माझ्या मते चित्रपटाचा जीव तिच्यात आहे. मुंबईत एकाच थिएटरात तो ५७ आठवडे चालला.

१९३७मध्ये तो व्हेनिसला गेला. तेव्हा कान आणि बर्लिनचे महोत्सव सुरूही झाले नव्हते. व्हेनिसचा मोठा करंडक मुसोलिनीच्या नावाचा होता. परदेशी चित्रपटांत तो ज्युलियाँ द्युविव्हिए या फ्रेंच दिग्दर्शकाला मिळाला. ‘तुकाराम’ला विशेष उल्लेखाचं प्रमाणपत्र मिळालं. पुढे जगातल्या पहिल्या तिनांत त्याची निवड झाली असंही सांगितलं जाऊ लागलं. एवढं फुगवायची मला गरज वाटत नाही. आंतरराष्ट्रीय महोत्सवात एक मराठी चित्रपट गौरवला गेला, हे पुरेसं आहे.

दामले १९४५मध्ये गेले. दुसऱ्याच वर्षी पहिल्या कान महोत्सवात चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ने सर्वोच्च पारितोषिकात वाटा मिळवला. पुढे प्रभात बंद पडली आणि तिच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली. व्हेनिसचं प्रमाणपत्र हरवलंच होतं. १९७४मध्ये ते लॉ कॉलेज रस्त्यावरच्या कचऱ्यात सनी जोसेफ यांना सापडलं. पुढे छायालेखक म्हणून नाव मिळवलेल्या जोसेफ यांनी ते तीस वर्षं जपलं आणि २००४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या स्वाधीन केलं. हे संग्रहालयही त्याच लॉ कॉलेज रस्त्यावर आहे.