गेजची पुढची बारा वर्षे

फिनिअस गेज मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हमखास भेटतो. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये, रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना सहा किलोंची पहार त्याच्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. पंचविशीतला हा मुकादम वाचला, पण शिवराळ, लहरी झाला. त्याला पुन्हा मुकादमी मिळाली नाही. पुस्तके बहुधा इथेच थांबतात. मला ओढ पुढच्या वर्षांची. १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि जवळजवळ सात वर्षे प्रवासी घोडागाडी हाकत राहिला. भरलेली गाडी, कधी सहा घोडे, मुलूख परका! निव्वळ लहरी माणसाच्या हाती इतकी वर्षे लगाम कोण देईल? ठरलेल्या कामानेच तो सावरला असावा, असे काही अभ्यासक मानतात. मलाही ते पटते. १८६० मध्ये फेफरे येऊ लागले, तरी तो कॅलिफोर्नियात शेतांवर राबत होता. मे महिन्यात आईजवळ वारला.