घामाचे गणित मांडणारा फ्रँकलिन

१७५० च्या जून महिन्यातला एक रविवार. फिलाडेल्फियात सावलीतला पारा १०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे जवळपास ३८ अंश सेल्सिअसवर गेला होता. ४४ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून, अंगात फक्त सदरा आणि लिननचा सैल लेंगा घालून लिहीत-वाचत बसला होता. घरातून वारा वाहत होता. तरीही हातांवरून घाम ओघळत होता आणि सदरा इतका भिजत होता की पुन्हा पुन्हा कोरडा मागवावा लागत होता.

त्या दिवशी त्याला एक गोष्ट खटकली. मेजावर हात टेकावा तर मेज गरम. खुर्चीत बसावे तर खुर्ची गरम. खणातून काढलेला कोरडा सदरा तर शेकोटीपुढे धरून आणल्यासारखा. खोलीतल्या निर्जीव वस्तू तापलेल्या, आणि ज्याच्या शरीरात स्वतःची ऊब आहे तो जिवंत माणूस मात्र त्यांच्यापेक्षा थंड! खरे तर हवेची उष्णता आणि अंगाची उष्णता मिळून माणूस खुर्चीपेक्षा जास्त तापायला हवा होता. ऐन मे महिन्यात एसी बंद पडतो आणि मेकॅनिक चार दिवसांनी येतो म्हणतो, तेव्हा आपले शरीर नेमके कशाच्या आधारावर तग धरते, याचे उत्तर त्या खुर्चीत दडलेले होते. ते नीट मांडायला फ्रँकलिनला आणखी आठ वर्षे लागली.

हा काही शिकलेला डॉक्टर नव्हता. १७०६ मध्ये बॉस्टनमध्ये मेणबत्त्या आणि साबण बनवणाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. बापाच्या सतरा मुलांपैकी हा पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षे. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी, सतराव्या वर्षी तिथून पळ काढून फिलाडेल्फिया. तिथे त्याने स्वतःचा छापखाना आणि वृत्तपत्र नावारूपाला आणले, आणि बेचाळिसाव्या वर्षी धंद्यातून अंग काढून घेतले. वीज आणि पतंगाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. आरोग्याच्या बाबतीतले त्याचे काम तितके ठाऊक नाही. १७५१ मध्ये डॉ. थॉमस बाँड यांच्याबरोबर त्याने फिलाडेल्फियात रुग्णालय उभे केले. मूत्रमार्गाच्या त्रासाने बेजार झालेल्या भावासाठी लवचीक नळी करवून घेतली. त्याचा चार वर्षांचा मुलगा १७३६ मध्ये देवीने गेला. त्याला देवी टोचून घेतल्या नव्हत्या, याची खंत फ्रँकलिनने आयुष्यभर बाळगली.

१७५७ मध्ये तो लंडनला गेला. स्कॉटलंडमधले डॉक्टर विल्यम कलन यांनी द्रव उडून जाताना कमालीची थंडी निर्माण होते असे प्रयोगाने दाखवल्याचे त्याच्या कानावर आले. ऐकलेले करून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. १७५८ मध्ये केंब्रिजला रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन हॅडली यांच्यासोबत त्याने तापमापकाचा गोळा ईथरने ओला करायचा, भात्याने वारा घालायचा, ईथर उडाले की पुन्हा ओला करायचा, असा सपाटा लावला. खोलीत ६५ अंश फॅरनहाइट असताना पारा उतरत उतरत ७ अंशांवर आला, म्हणजे उणे १४ सेल्सिअसच्या आसपास. गोळ्याभोवती सुमारे पाव इंच बर्फ साचला.

तरुणपणी जहाजावर त्याने एका खलाशाला पाहिले होते. वारा पडला की हा गडी बोट तोंडात ओले करून हवेत धरायचा. ज्या बाजूने बोट गार लागेल तिकडून वारा येणार असे त्याचे म्हणणे. तेव्हा फ्रँकलिन त्याला हसला होता. केंब्रिजनंतर खलाशाचे बोट, फिलाडेल्फियातला घामट रविवार आणि ईथरमधला तापमापक या तिन्हींचे कारण एकच असल्याचे त्याला कळले. १७ जून १७५८ रोजी चार्ल्सटनचे डॉक्टर जॉन लायनिंग यांना लिहिलेल्या पत्रात त्याने हे सगळे मांडले.

आजच्या आकड्यांत सांगायचे तर एक लिटर घाम पूर्ण उडून गेला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. मात्र घाम उडाला पाहिजे; नुसता टपकून गेला तर उपयोग शून्य. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान चालतो आणि मुंबईत तोच कूलर खोली आणखी दमट करतो, ते यामुळेच. माठातले पाणी गार होते तेही असेच. भिंतीवरच्या बंद पडलेल्या एसीतही, चालू असताना, द्रवाची वाफ होऊनच खोलीतली उष्णता शोषली जात असते.

त्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग मात्र पेनसिल्व्हेनियाच्या शेतातला आहे. भर उन्हात कापणी करणारे मजूर घाम येत असेपर्यंत आणि तो भरून काढायला वारंवार काही पीत असेपर्यंत टिकतात. घाम थांबला की कोसळतात, कधी कधी जागीच मरतात, असे त्याने नोंदवले. मजूर पाण्यात रम मिसळून पीत. कोणी कोसळायला लागला तर काही जण मध आणि बरेचसे व्हिनेगर घातलेले गरम पेय पाजत.

यातले निरीक्षण पक्के आहे, उपचार मात्र जुना झाला. दारूने लघवी वाढते आणि शरीरातले पाणी घटते. उन्हाळ्यात तिच्या नादी लागू नये. साधे पाणी, ताक, मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत पुरे. आणखी एक दुरुस्ती: घाम थांबण्याची वाट पाहू नये, कारण कष्टाचे काम करणाऱ्याला अंग घामाने थबथबलेले असतानाही उष्माघात होतो. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध पडला, की सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये. म्हाताऱ्या माणसांना घाम मुळात कमी येतो. हवा चाळिशीपार गेली की नुसता पंखा त्यांच्या अंगावर गरम झळाच फेकतो. अशा वेळी आधी अंग ओल्या फडक्याने पुसावे.

फ्रँकलिनचे कुतूहल इथेच थांबले नाही. रंगीत कापडांचे तुकडे त्याने उन्हात बर्फावर पसरले. काही तासांत काळा सर्वांत खोल रुतला, पांढरा जवळपास वरच राहिला. १७६१ मध्ये मेरी स्टीव्हन्सन हिला लिहिताना त्याने त्याचा व्यवहारही सांगितला: उष्ण प्रदेशात कपडे आणि टोप्या पांढऱ्या हव्यात. घराच्या गच्चीला पांढरा रंग देण्यामागचे तर्कशास्त्र हेच.

बंद खोलीचा तर त्याला तिटकारा होता. १७७६ च्या सप्टेंबरमध्ये न्यू ब्रन्सविकच्या खाणावळीत जागेअभावी त्याला आणि जॉन अॅडम्सला एकाच पलंगावर झोपावे लागले. खोलीला एकच लहान खिडकी. रात्रीच्या हवेला भिणाऱ्या अॅडम्सने ती लावून घेतली. फ्रँकलिनने उघडायला लावली आणि सर्दी खिडकीतून येत नाही यावर व्याख्यान सुरू केले. अॅडम्सला ऐकता ऐकता झोप लागली. दोन देशभक्तांपैकी एक स्वातंत्र्याच्या धामधुमीतही हवा खेळती असावी म्हणून भांडतो, हे गमतीचे आहे.

म्हातारपणी संधिवात आणि मूतखड्याने त्याला घरात जखडले. १७८७ च्या जुलैत मनासे कटलर हा पाहुणा भेटायला आला, तेव्हा ग्रंथसंग्रहाच्या खोलीत त्याला एक मोठी झुलती आरामखुर्ची दिसली. तिच्यावर मोठा पंखा बसवलेला होता. वाचत बसलेला ८१ वर्षांचा फ्रँकलिन पाय जरासा हलवायचा, पंखा हलायचा, माश्या उडायच्या आणि अंगाला वारा लागायचा. १७ एप्रिल १७९० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, फुप्फुसाच्या आजाराने फिलाडेल्फियातच त्याचे निधन झाले.