वॉटचा सिलिंडर आणि माझा

सुट्टीत घरच्या छोट्या लेथवर वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करायला घेतलं. पितळी सिलिंडर बोअर केला, पिस्टन बसवला, सायकलच्या पंपानं हवा मारली आणि सगळी कडेनं फुस्स! बोअर एका टोकाला निमुळता झाला होता. तेव्हा जेम्स वॉट आठवला.

किटलीची गोष्ट सोडा. १७३६ साली ग्रीनॉकला जन्मलेला वॉट मुळात उपकरणं बनवणारा कारागीर. १७६३ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनाचं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. चार ठोके मारून ते बंद पडे, कारण दर फेरीला सिलिंडर गार करून पुन्हा तापवण्यातच वाफ संपायची. १७६५ मध्ये त्याला वेगळा कंडेन्सर सुचला. डॉक्टरी पितळी पिचकारीचाच सिलिंडर करून त्यानं तो तपासलाही.

खरी रड पुढेच होती. मोठा सिलिंडर नीट गोल कापून देणारा कोणी मिळेना. पेटंट १७६९ चं, पण इंजिनं कामाला लागली १७७६ मध्ये! मधल्या काळात बिचारा कालव्यांची मोजणी करून पोट भरत होता. १७७३ मध्ये पत्नी गेली. तिनं यश पाहिलंच नाही.

मार्ग निघाला तो जॉन विल्किन्सनच्या मशीनमुळे. त्यानं बोअरिंग बारला दोन्ही टोकांना आधार दिला होता. माझा बार एकाच टोकाला धरलेला! आता सिलिंडर कॅरेजवर बांधून, बार दोन सेंटर्समध्ये धरून पुन्हा बोअर करतोय.