पांढरीतला इतिहास वाचणारे डॉ. सांकलिया

काळी पिकाची आणि पांढरी वस्तीची, हे खेड्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. जुन्या गावठाणाची पांढरी माती धाब्यावर टाकायला नाहीतर रानात पसरायला गाड्या भरभरून नेली गेली. त्या मातीत काय दडलं आहे, हे महाराष्ट्राला दाखवून दिलं डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी.

मुंबईच्या गुजराती कुटुंबात १० डिसेंबर १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे शिक्षणासाठी ते लंडनला गेले. तिथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल या टेकडीवरच्या प्राचीन कोटाच्या उत्खननात त्यांनी भाग घेतला. त्या कोटाच्या दरवाजाशी पुरलेल्या माणसांचे सांगाडे निघाले होते. मातीचा एकेक थर नीट सोडवत खोदायचं, हे शिक्षण त्यांना तिथे मिळालं. १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले.

१९५०-५१ मध्ये संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे उत्खनन झालं. तांब्याच्या कुऱ्हाडी आणि काळ्या नक्षीची तांबडी भांडी मिळाली. तशीच खापरं पुढे गावोगावच्या पांढरीत सापडली आणि सगळ्या संस्कृतीलाच जोर्वेचं नाव पडलं. त्यानंतर नेवासे झालं आणि १९६८ पासून शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव.

इनामगावची वस्ती सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली. हे लोक शेतकरीच. मुख्य पीक सातू. नदीच्या पुराचं पाणी शेताला वळवायला त्यांनी पाट काढला होता. मेलेलं लेकरू गावाबाहेर नेत नसत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाचे पाय घोट्याखाली तोडून पुरत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून तसं करत असावेत, असा तर्क आहे. पुढे पाऊसमान घटलं. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढली आणि शेवटी गाव उठलं. दुष्काळाची ही तीन हजार वर्षांपूर्वीची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, ती पांढरीच्या थरांतच होती.

सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. इनामगावचं काम त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ पर्यंत चालवलं. १९८९ साली त्यांचं निधन झालं.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची पुरलेली वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आणि खापर, हाड, जळकं धान्य यांना बाजारात मोल नसलं तरी त्यांची जागा हलली की त्यांचं बोलणं बंद होतं. पीक गेलं तर पुढच्या हंगामात येतं, पण उकरून नेलेली पांढरी परत भरत नाही. जेसीबी लावण्याआधी पुरातत्त्व खात्याला एक अर्ज द्यायला काय हरकत आहे?