दख्खनच्या माशांचे पहिले नोंदकार

पुण्या-मुंबईतील दिवाणखान्यांत काचेच्या टाकीत आज मेक्सिकोतील 'फायरमाऊथ' किंवा 'टेक्सास सिक्लिड' डौलाने पोहताना दिसतात. त्यांची जात, आहार, स्वभाव हे सारे हौशी मत्स्यपालकाला मुखोद्गत असते. मात्र घराजवळच्या नदीतील मासे त्याला क्वचितच ओळखता येतात. दख्खनच्या नद्यांतील या माशांची पहिली पद्धतशीर नोंद केली ती कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी.

२५ जानेवारी १७९० रोजी जन्मलेले सायक्स किशोरवयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. १८१७ मध्ये पेशव्यांविरुद्धच्या खडकीच्या लढाईत ते होते. तलवारीने पाहिलेला हा मुलूख त्यांनी पुढे लेखणीने पाहिला. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी अधिकारी नेमले. लोकसंख्या, पिके, हवामान यांच्या नोंदी घेत असतानाच पशू, पक्षी आणि मासेही त्यांच्या वहीत जमा होऊ लागले. १८२९ मध्ये ते पद रद्द झाले. तरीही १८३१ पर्यंत त्यांनी हाती घेतलेले काम तडीस नेले.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी दख्खनच्या माशांवरील प्रबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवला. तो १८४१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला. त्यात ४० हून अधिक जातींची वर्णने होती. नव्या जातींना नावे देताना सायक्स यांनी अनेकदा लोकांच्या तोंडची नावेच लॅटिनच्या साच्यात बसविली. खडकाळ प्रवाहातील मळ्या 'मुल्या' झाला, मिशाळ शिंगाळा 'सींघाला' झाला. तोंडावर खोल खाच असलेल्या माशाचे 'नुक्ता' हे नाव वाचून मराठी माणसाला 'नकटा' आठवल्यावाचून राहत नाही. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला महसीर 'खुद्री' या नावाने जगाला ठाऊक झाला.

नेमकी ओळख किती मोलाची, हे या खुद्रीनेच पुढे दाखवून दिले. लोणावळ्याजवळ टाटांच्या वीजकंपनीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची पैदास यशस्वी केली. ही पिल्ले दूरच्या कावेरीतही सोडण्यात आली. तेथील कुबडा महसीर ही वेगळी जात असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले. तोवर ती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोहोचली होती आणि कावेरीत उपऱ्या खुद्रीने जम बसविला होता.

सायक्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले. १६ जून १८७२ रोजी त्यांचे निधन झाले. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे असल्याने वाशीमची पैनगंगा त्यांच्या पाहणीबाहेर राहिली. पुण्याला मात्र आपण काय गमावले, हे त्यांच्या यादीवरून ताडता येते. शहरातील मुळा-मुठेत आज खुद्री मिळत नाही. खाली भीमेवर, उजनीच्या जलाशयात, १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाचे राज्य आहे. हा आफ्रिकी मासाही सिक्लिड कुळातलाच. टाकीतील पाहुणा नदीत सोडून देण्यापूर्वी प्रत्येक हौशी मत्स्यपालकाने सायक्स यांची ती जुनी यादी आठवावी.